आधी अन्वय, मग आशय

दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात कवितेचं रसग्रहण लिहायचं असतं. मुद्दे ठरलेले: शीर्षक, कवीचं नाव, यमकरचना, अलंकार आणि शेवटी मध्यवर्ती कल्पना. बारावीला त्यात संदेश, मूल्यं आणि स्वतःचं मत यांची भर पडते. कविता प्रश्नपत्रिकेत छापलेली असते, तरी तिच्याकडे न बघता उत्तर लिहिता येतं, कारण गाइडमधला चार ओळींचा परिच्छेद पाठ असतो. ‘ही कविता निसर्गाच्या सौंदर्याचा आणि शांततेचा संदेश देते’ हे वाक्य शंभर कवितांखाली चालतं आणि शंभरही वेळा त्याला गुण मिळतात.

मध्यवर्ती कल्पना आणि संदेश हे दोन प्रश्न परीक्षेतून काढून टाकले पाहिजेत, असं माझं म्हणणं आहे. कवितेत खोल अर्थ असतोच. पण तो शब्दांच्या खाली कुठेतरी पुरून ठेवलेला नसतो. तो शब्दांतच असतो, त्यांच्या क्रमात असतो, एक शब्द खोडून कवीने दुसरा का घेतला यात असतो. संदेश विचारला की विद्यार्थी शब्दांवरून उडी मारून पलीकडे जातो, आणि पलीकडे काही नसतं.

हे आपल्याकडे नवीन नाही. व्यंग्यार्थाची, म्हणजे शब्दांतून सुचवलेल्या अर्थाची, बाजू ज्याने सगळ्यात ठामपणे मांडली त्या आनंदवर्धनानेच नवव्या शतकात ‘ध्वन्यालोका’त सांगून ठेवलं आहे की, ज्याला उजेड हवा असतो तो दिव्याच्या ज्योतीसाठी कष्ट घेतो, कारण उजेडाचा उपाय ती ज्योतच. तसंच ज्याला व्यंग्यार्थ हवा त्याने वाच्यार्थाची, म्हणजे शब्दांच्या सरळ अर्थाची, निगा राखायची. संस्कृतच्या तासाला आपण श्लोकाचा आधी अन्वय लावतो: कर्ता कोण, क्रियापद कुठे, कोणतं विशेषण कोणाला लागतं. इंग्रजी कवितेच्या तासाला मात्र ही सवय वर्गाबाहेर ठेवून येतो. तिथे तिची गरज जास्त आहे, कारण जुन्या इंग्रजी कवितेतला पदक्रमही आपल्या ओळखीच्या इंग्रजीसारखा नसतो.

एक कविता जवळून बघू. विल्यम ब्लेकची ‘लंडन’, १७९४ मध्ये ‘साँग्ज ऑफ एक्स्पीरियन्स’मध्ये आलेली, अवघ्या सोळा ओळींची. निवेदक लंडनच्या रस्त्यांतून फिरतो आहे आणि काय दिसतं, काय ऐकू येतं ते सांगतो आहे. पहिल्या दोन ओळींत एकच विशेषण दोनदा येतं: ‘चार्टर्ड’ रस्ता आणि ‘चार्टर्ड’ टेम्स. गाइड इथे ‘नियोजित’ किंवा ‘आखलेले’ असा अर्थ देऊन पुढे जातं. पण मराठी वाचकाकडे यासाठी नेमका शब्द आहे: सनद. चार्टर्ड अकाउंटंटला आपण सनदी लेखापाल म्हणतो, आणि ईस्ट इंडिया कंपनीचे सनदी कायदे शाळेच्या इतिहासात शिकतो. त्यातला एक कायदा १७९३ चा, म्हणजे ही कविता प्रसिद्ध होण्याच्या आदल्या वर्षीचा. त्याने कंपनीची सनद आणखी वीस वर्षं वाढवली. लंडन शहराचे हक्कही सनदांवरच उभे होते. त्याच काळात राजकीय लेखक टॉमस पेनने ‘राइट्स ऑफ मॅन’मध्ये लिहिलं होतं की सनद हक्क देते हे म्हणणंच उलटं आहे: ती काहींना हक्क देताना बाकीच्यांचे काढून घेते.

आता ती ओळ पुन्हा वाचा. सनदी रस्ता इथवर समजू शकतो, रस्त्याला मालक असू शकतो. पण सनदी नदी? वाहतं पाणी कोणाच्या तरी कागदावर चढलेलं आहे. ब्लेकच्या वहीतल्या कच्च्या खर्ड्यात दोन्ही ठिकाणी ‘डर्टी’ असा शब्द होता: घाण रस्ता, घाण टेम्स. तो खोडून त्याने ‘चार्टर्ड’ केला. घाण कोणालाही दिसते, सनद दिसण्यासाठी विचार करावा लागतो. तक्रार नाकाकडून कायद्याकडे गेली. हा बदल एका शब्दाचा आहे आणि कवितेचा सगळा राजकीय अर्थ त्यात आहे. मध्यवर्ती कल्पना लिहिणाऱ्याने ‘कवी लंडनच्या दुःखाचं वर्णन करतो’ असं लिहिलं, तर ते ‘डर्टी’च्या खर्ड्यालाही तितकंच लागू पडतं. जे वाक्य खर्ड्याला आणि पक्क्या कवितेला सारखंच लागू पडतं, ते त्या कवितेबद्दल काहीच सांगत नाही.

दुसऱ्या कडव्यात अन्वय लावल्याशिवाय पुढे सरकताच येत नाही. ‘प्रत्येक माणसाच्या प्रत्येक आक्रोशात, प्रत्येक बाळाच्या भीतीच्या रडण्यात, प्रत्येक आवाजात, प्रत्येक मनाईत’ असं चालू राहतं. तीन ओळींत पाच वेळा ‘एव्हरी’. क्रियापदाचा पत्ता नाही. ते चौथ्या ओळीच्या शेवटी येतं, ‘आय हिअर’, आणि त्याच्याही आधी कर्म येतं: मनाने घडवलेल्या बेड्या. मराठीत क्रियापद शेवटी येतं म्हणून आपल्याला हे सहज वाटतं आणि आपण न थांबता पुढे जातो. इंग्रजी वाचकाला मात्र हा ताण जाणवतो: वाक्य पुरं होण्यासाठी त्याला पाच ‘एव्हरी’ सोसावे लागतात. शिवाय बेड्या इथे दिसत नाहीत, ऐकू येतात. तिसऱ्या ओळीतल्या ‘बॅन’चे निदान तीन अर्थ त्या काळी चालू होते: बंदी, शाप, आणि लग्न ठरल्याची चर्चमधली जाहीर घोषणा. कविता संपते ती ‘मॅरेज हर्स’वर, म्हणजे लग्नाची शववाहिका. तिथे पोचल्यावर तिसऱ्या अर्थाचं काम कळतं. ‘बॅन’ म्हणजे बंदी एवढंच शब्दार्थात छापून पुस्तक मोकळं झालं, तर विद्यार्थ्याच्या हातातून शेवटची ओळ निसटते.

तिसऱ्या कडव्यात एक चूक जवळपास प्रत्येक वर्गात होते. ‘हाउ द चिमनी-स्वीपर्स क्राय’ ही ओळ ‘धुराडी साफ करणारी मुलं कशी रडतात’ अशी वाचली जाते. ‘क्राय’ इथे नाम आहे. ब्लेकने स्वतः तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या मजकुरात षष्ठीची खूण घातलेली नाही, त्यामुळे घोटाळा होतो. अन्वय असा: धुराडी साफ करणाऱ्या मुलाचा आक्रोश प्रत्येक काळवंडत्या चर्चला ‘अपॉल’ करतो. ‘अपॉल’ म्हणजे हादरवणं. त्या शब्दाच्या मुळाशी फिकं पडणं आहे, आणि त्याच्या आवाजात ‘पॉल’, म्हणजे शवपेटीवर घालायचं वस्त्र, तेही ऐकू येतं. काळं पडत चाललेलं चर्च फिकं पडतं. मुलांच्या अंगावरची काजळी आणि चर्चच्या भिंतीवरची काजळी एकाच धुराड्यातून आलेली आहे. १७८८ च्या कायद्याने आठ वर्षांखालच्या मुलांना या कामाला बंदी घातली होती. म्हणजे आठव्या वर्षापासून पुढे ते कायदेशीरच होतं. त्यानंतरच्या ओळीत सैनिकाचा उसासा राजवाड्याच्या भिंतीवरून रक्त होऊन ओघळतो, आणि फ्रान्सशी युद्ध फेब्रुवारी १७९३ मध्ये सुरू झालेलं आहे. या दोन तारखा माहीत असल्या की कडवं कल्पनाविलास वाटत नाही. या चार ओळींची पहिली अक्षरं उभी वाचली तर ‘हिअर’ हा शब्द तयार होतो, ज्या शब्दावर आधीचं कडवं संपलं तोच. हे ब्लेकने मुद्दाम केलं असं मला वाटतं, कारण नुकतं ‘मला ऐकू येतं’ म्हणून तो लगेच आक्रोश आणि उसासा ऐकवतो आहे.

मग छंद. मराठी कान लघु-गुरू मोजतो, इंग्रजी छंद आघातावर चालतो. ही गल्लत झाली की कविता सपाट वाचली जाते. यासाठी परिभाषा पाठ करायला नको. टेबलावर बोट आपटत ओळ मोठ्याने म्हणायची आणि जोर कुठे पडतो ते पाहायचं. पहिल्या कडव्यात तीन ओळी आठ अक्षरांच्या आहेत आणि चढत्या चालीने जातात. चौथी, ‘मार्क्स ऑफ वीकनेस, मार्क्स ऑफ वो’, सात अक्षरांची. सुरुवातीचं हलकं अक्षर गळून पडलं आहे आणि बोट थेट ‘मार्क्स’वर आपटतं. तिसऱ्या ओळीत ‘मार्क’ क्रियापद होतं, म्हणजे मी टिपतो. इथे ते नाम झालं, चेहऱ्यांवरचे डाग. पाहणाऱ्याची कृती आणि पाहिल्या गेलेल्यांची जखम यांना एकच शब्द. तिसऱ्या कडव्याच्या चारही ओळी अशाच सात अक्षरांच्या आहेत. ‘या कवितेत पुनरुक्ती हा अलंकार आहे’ असं लिहून एक गुण मिळतो. ती पुनरुक्ती कुठे काय करते ते कोणी विचारत नाही.

ब्लेक १७९० ते १८०० या काळात लँबेथमध्ये राहत होता, वेस्टमिन्स्टर पुलाच्या पलीकडच्या काठाला. त्याच पुलावरून ३१ जुलै १८०२ ला पहाटे वर्ड्‌स्वर्थ आणि त्याची बहीण डॉरथी डोव्हरच्या घोडागाडीतून गेले. डॉरथीच्या रोजनिशीत त्या सकाळची नोंद आहे, आणि घरांवर नेहमीसारखा धुराचा ढग नव्हता हेही तिने लिहिलं आहे. त्या पुलावरच्या वर्ड्‌स्वर्थच्या सुनीतावर, म्हणजे चौदा ओळींच्या कवितेवर, तारीख मात्र ३ सप्टेंबरची आहे. ते सुनीत पिढ्यानपिढ्या आपल्या पाठ्यपुस्तकांत येत राहिलं आहे आणि त्याचा ठरलेला संदेश आहे ‘शहराचं शांत सौंदर्य’.

त्यात अडकायच्या जागा दोन-तीनच आहेत, पण नेमक्या. नवव्या ओळीतलं ‘स्टीप’ विद्यार्थी ‘उंच, चढाचं’ असं घेतात, कारण पुढच्याच ओळीत दरी, खडक, टेकडी असे शब्द आहेत. ते क्रियापद आहे: भिजवणे, मुरवणे. सूर्याने आपल्या पहिल्या तेजात कोणतीही दरी, खडक वा टेकडी याहून सुंदर भिजवली नव्हती. अन्वय न लावता वाचलं तर टेकडीचा चढ उरतो आणि सूर्य नाहीसा होतो. यमकरचना लिहिताना ‘मॅजेस्टी’पाशी गाडी थांबते, कारण आजच्या उच्चारात ते ‘बाय’ आणि ‘स्काय’शी जुळत नाही. त्या काळच्या कवितेत ही जोडी सर्रास चालत असे. हे एका वाक्यात सांगितलं की मूल उगाच नवीन अक्षर देत नाही.

खरी गंमत चौथ्या-पाचव्या ओळीत आहे. शहराने सकाळचं सौंदर्य वस्त्रासारखं नेसलं आहे, आणि लगेच ‘सायलेंट, बेअर’: निःशब्द, उघडं. नेसलेलं आणि उघडं एकाच वेळी कसं? ही शंका वर्ड्‌स्वर्थच्या हयातीतच घेतली गेली. १८३६ च्या एका पत्रात त्याने उत्तर दिलं की विरोध फक्त शब्दांतला आहे: उघडं म्हणजे धूर किंवा धुकं न पांघरलेलं, आणि वस्त्र आहे ते सकाळच्या किरणांचं. कवीचा खुलासा आपल्याला मदत करतो, पण तो मानलाच पाहिजे असं नाही. शंका घेणाऱ्याने शब्द नीट वाचले होते म्हणून खुलासा निघाला, हे महत्त्वाचं. ‘धूर नसलेली हवा’ हे शब्द धूर डोळ्यांसमोर आणल्याशिवाय उच्चारताच येत नाहीत. तासाभरात धुराडी पेटणार आहेत. शेवटच्या ओळीत त्या विराट शहराचं हृदय ‘लायिंग स्टिल’ आहे, म्हणजे निश्चल. झोपलेल्या माणसाचं हृदय चालू असतं. थांबलेलं हृदय मेलेल्याचं. शांततेचं कौतुक करता करता कवी अशा ठिकाणी येऊन पोचला आहे जिथे शहर सुंदर आहे कारण ते जिवंत दिसत नाही. हे विधान पेलायला अवघड आहे, पण ओळीत ते लिहिलेलं आहे.

काही जण आणखी पुढे जाऊन म्हणतात की ‘लायिंग’मध्ये खोटं बोलण्याचाही श्लेष आहे. हा अर्थ मला पटत नाही, आणि का पटत नाही हे सांगता येतं. ‘बॅन’चा लग्नाचा अर्थ घेतला तेव्हा शेवटच्या कडव्यातल्या लग्नाने त्याला दुजोरा दिला. ‘मार्क’चा दुहेरी अर्थ घेतला तेव्हा पुढचीच ओळ उभी राहिली. इथे चौदा ओळींत खोटेपणाला साथ देणारा दुसरा एकही शब्द नाही. जो अर्थ घेतल्यावर आजूबाजूचे शब्द बोलू लागतात तो टिकतो, जो घेतल्यावर शब्द गप्पच राहतात तो सोडायचा. ‘कवितेचा ज्याला जो वाटेल तो अर्थ’ हे म्हणणं उदार वाटतं, पण ते शिक्षकाला आणि विद्यार्थ्याला दोघांनाही मोकळं सोडतं. कवितेचे एकाहून जास्त बरोबर अर्थ असतात. चुकीचेही असतात, आणि चूक दाखवता येते.

कवितेचा पाठ, म्हणजे मजकूर, कोणता छापला आहे तेही पाहावं लागतं. रॉबर्ट फ्रॉस्टची ‘स्टॉपिंग बाय वुड्स ऑन अ स्नोई ईव्हनिंग’ १९२३ ची. पंडित नेहरूंनी तिच्या शेवटच्या ओळी आपल्याजवळ लिहून ठेवल्या होत्या, त्यामुळे ती भारतात घरोघरी पोचली. कवीने छापलेली ओळ अशी: ‘लव्हली, डार्क अँड डीप’. ‘लव्हली’नंतर स्वल्पविराम, ‘डार्क’नंतर नाही. रान मोहक आहे, म्हणजे काळोखं आणि खोल आहे: मोहकपणा काय आहे ते पुढचे दोन शब्द सांगतात. फ्रॉस्ट १९६३ मध्ये वारला, आणि १९६९ च्या संपादित आवृत्तीत ‘डार्क’नंतरही स्वल्पविराम आला. आता तीन सुटी विशेषणं झाली, आणि काळोखाचंच आकर्षण वाटण्याची गोष्ट पुसट झाली. दोन्ही पाठ आज सगळीकडे फिरतात. भिंतीवरच्या तक्त्यांवर तर ही ओळच गाळतात आणि ‘अजून कित्येक मैल जायचं आहे’ एवढंच ठेवतात. मग कर्तव्याचा संदेश उरतो, आणि ज्याच्यापासून स्वतःला ओढून न्यायचं आहे ते रान जातं. मागे ओढणारं काही नसेल तर कवितेतल्या ‘पाळायच्या वचनांना’ वजन कुठून येणार?

कीट्सच्या ग्रीक कलशावरच्या कवितेत अवतरणचिन्हांचं असंच आहे. १८२० च्या पुस्तकात ‘सौंदर्य म्हणजे सत्य, सत्य म्हणजे सौंदर्य’ एवढेच शब्द अवतरणात आहेत, त्याच वर्षी नियतकालिकात आलेल्या पाठात अवतरणच नाही. उरलेलं दीड ओळीचं वाक्य कलश बोलतो की कवी, यावर दोनशे वर्षं वाद चालू आहे. हा वाद विद्यार्थ्यापासून लपवून ‘कीट्सचा संदेश’ म्हणून ते वाक्य सुविचारासारखं फळ्यावर लिहिणं ही फसवणूक आहे.

शिक्षक विचारतील, साठ मुलं, पस्तीस मिनिटांचा तास, भरगच्च पोर्शन, हे सगळं कधी करायचं? अडचण खरी आहे. मग कविता कमी करा. वर्षाला आठ कविता उरकण्यापेक्षा चार वाचलेल्या बऱ्या. एका कवितेला दोन तास पुरतात. पहिल्या तासात दोनदा मोठ्याने वाचन, अर्थ न सांगता. मग प्रत्येक वाक्याचं क्रियापद अधोरेखित करणं, कर्ता शोधणं, आणि ओळखीचे वाटणारे पण तिथे न बसणारे शब्द वेगळे काढणं. ‘स्टीप’, ‘फेअर’, ‘क्राय’ असे सोपे शब्दच दगा देतात, अवघड शब्द मूल शब्दकोशात बघतंच. दुसऱ्या तासात काय पुन्हा आलं, कुठे चाल मोडली, कोण कोणाशी बोलतं आहे. कवीचं चरित्र अगदी शेवटी, आणि तेही एखाद्या शब्दावर उजेड पडत असेल तरच. जन्मसाल आणि पारितोषिकांची यादी नको.

परीक्षेतही याला जागा करता येते. पाच गुणांचं रसग्रहण ठेवा, पण खालचे मुद्दे बदला. कविता छापा, शेजारी चार जुन्या शब्दांचे त्या काळचे अर्थ द्या, आणि विचारा: दुसऱ्या कडव्यातलं मुख्य क्रियापद कोणतं आणि ते इतक्या उशिरा आल्याने वाचताना काय होतं? कवीने आधी ‘डर्टी’ लिहिलं होतं, ते ठेवलं असतं तर कवितेतून काय गेलं असतं? आणि तिसरा प्रश्न दोन कवितांवर मिळून. ब्लेकची टेम्स सनदेने बांधलेली आहे; वर्ड्‌स्वर्थची टेम्स, आठच वर्षांनंतर आणि हाकेच्या अंतरावर, ‘आपल्या गोड मर्जीने’ वाहते. नदी तीच आहे. दोघांपैकी कोणाच्या कवितेत माणसं दिसतात ते ओळींच्या आधारे लिहा. ओळ उद्धृत केलेली नसेल तर गुण देऊ नका.